प्रल्हाद, बोहनी राठोडाचीच झाली

प्रल्हाद,

परवा सकाळी याडीनं माझ्या हातावर सप्पकन फटका मारला.

यात्रेचा पहिला दिवस होता. मंडपात सतरंजी नुकती अंथरली होती, मशीन सुरू झालं होतं, आणि माझी बोटं सवयीनं माझ्याच नावाकडे निघाली होती. तुझी आई बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिनं पाहिलं नि मारलं.

“आपलं नाव नोको टाकू,” ती म्हणाली. “पल्लाद सांगून गेला मले. म्हने, दिगांबरचा हात धरून ठेव.”

तू असा माणूस. जाता जाता सख्ख्या आईला माझ्यावर पहारा ठेवून गेलास.

तुझ्यावर चार शब्द लिही म्हणून सगळे मागं लागलेत. जन्म, शिक्षण, समाजकार्य, ‘अशी माणसं पुन्हा होणे नाही’. ते सगळं तुझा साळा लिहील, त्याला तसलं जमतं. मला तुझ्याशी बोलायचंय. आणि खरं सांगू? मला रडू कमी येतं. हलकंच जास्त वाटतं. तुझ्या दारात लोक गळ्यात पडून रडत होते तेव्हा मी आतून इतका मोकळा होतो, की कोणाला चेहऱ्यावर दिसू नये म्हणून उपरण्यानं नाक पुसत बसलो. वहिनींना वाटलं, किती रडून राह्यले भाऊजी.

का हलकं वाटतं, तेच सांगायला बसलोय. तुला माहीत आहे सगळं. पण माझी गोष्ट तू कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीस, मधेच “असं नाई बे, तसं झालतं” म्हणायचास. आता ऐक.

वाशीमला एसटी स्टँडच्या मागं आपलं दुकान. पाटीवर ‘कॉम्प्युटर’, आत तू, मी आणि एक पंखा. बियाण्याच्या दुकानांचे, शिकवणी वर्गांचे, रक्त तपासणाऱ्यांचे प्रोग्राम आपण करून द्यायचो. प्रल्हाद गिऱ्हाईक सांभाळतो आणि मी मशीन सांभाळतो, असं मी लोकांना सांगत फिरायचो. खरी विभागणी अशी होती की मी गिऱ्हाईक पळवून लावायचो आणि तू त्याला स्टँडवरून परत आणायचास.

पोहरादेवीला, तुमच्या बंजाऱ्यांच्या यात्रेत, मशीन मांडायची कल्पना तुझी. लहानपणी तू याच रामनवमीच्या यात्रेत हरवला होतास आणि अख्खी दुपार एका जिलेबीवाल्याच्या पाटाखाली बसून काढली होतीस. भोंग्यावर तुझं नाव पुकारत होते, पण तुला वाटलं दुसराच कोणीतरी प्रल्हाद राठोड. बरोबरच वाटलं तुला. त्या गर्दीत प्रल्हाद राठोड नावाची माणसं एका जीपमध्ये मावली नसती.

म्हणून आपण ते उभं केलं. गाडी यात्रेत शिरली की आपले कार्यकर्ते नावं टिपून घेणार: कुठल्या तांड्याची गाडी, आत कोण कोण, मोबाइल कोणाचा. मग एखादी म्हातारी कुठल्यातरी मंडपात रडत आली, तिला गाडीचा नंबर येत नाही, फोनचा येत नाही, पण लेकाचं नाव येतं. ते नाव टाकायचं. डेटाबेस गाडी सांगेल, सोबतची माणसं सांगेल, फोन सांगेल. प्रत्येक मंडपात एक पडदा, आणि सगळे पडदे मधल्या मंडपातल्या एका मशीनला जोडलेले. फुकट. यात्रेचं काम म्हणून फुकट.

दुकानात चाचणी घेतली तेव्हा नाव टाकायचा अवकाश, उत्तर हजर. मी तुझ्याकडे असं पाहिलं, जसं काही डेटाबेस नावाची वस्तू माझ्याच आजोबांनी शोधून काढली होती.

आणि यात्रेत त्याच वस्तूनं माझी अब्रू काढली.

रोज काढली असती तरी चाललं असतं रे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करता येते. ही कधी बिघडायची, कधी नाही. तेच मशीन, तोच शोध, तीच नावं. एक दिवस पाण्यासारखी वाहायची. दुसऱ्या दिवशी ‘राठोड’ टाकलं की पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं. म्हातारीचं पाणी पिऊन व्हायचं, तिला कोणी चहा आणून द्यायचं, तोवर तिचा लेकच तिला शोधत मंडपात यायचा आणि आपल्यालाच धन्यवाद देऊन जायचा. मधेच भर दुपारी, कोणी काही न करता, ती आपोआप सुधारायची. संध्याकाळी पुन्हा रुसायची.

मी कारणं शोधली. लाज वाटते आठवून, पण सांगतो. आधी म्हटलं ऊन. वाळ्याचा कूलर आणून मशीनच्या तोंडापुढे लावला. मशीनला सर्दी व्हायची बाकी राहिली. मग म्हटलं जनरेटरचा दाब कमी-जास्त होतो. मग म्हटलं शेळ्यांनी तारा कुरतडल्या, आणि एका शेळीवाल्याशी भांडलो, ज्याच्या शेळीचा त्या तारेशी काडीचा संबंध नव्हता. मग पदरचा खर्च करून मशीनची मेमरी वाढवली. मग पुस्तकाला मागं सूची असते तशी शोधाला मदत करणारी इंडेक्स असते ना, ती दिसेल त्या रकान्यावर चढवली. तेव्हा शोध होता तसाच राहिला आणि वर नवीन गाड्यांची नोंदणीच मंद झाली, कारण प्रत्येक नावागणिक मशीनला त्या सगळ्या सूच्या दुरुस्त करत बसावं लागे. रस्त्यावर जीपा तुंबल्या. ड्रायव्हर लोकांनी मला नावं ठेवली ती इथं लिहिता येत नाहीत.

आणि ते पुढारी आले होते आपला उपक्रम पाहायला, आठवतं? मी ऐटीत म्हटलं, साहेब, कोणतंही नाव सांगा. ते म्हणाले, टाका चव्हाण. चक्र फिरलं. साहेबांनी चहा घेतला. चक्र फिरलं. साहेबांनी सरबत घेतलं. मी म्हटलं, साहेब, मशीन खोलात जाऊन शोधतंय. साहेब म्हणाले, “खोलातून वर आलं की कळवा,” आणि निघून गेले. तू मागं तोंडात रुमाल कोंबून बसला होतास.

तुझं कारण तयार होतं. पहिल्याच वर्षी दिलं होतंस.

“तुझा हात जड आहे, दिग्या.”

“म्हणजे?”

“म्हंजे बोहनी. सकायी तू मशीन खोललं का दिवसभर बोंब. मी खोललं का चांगलं चालते. पाह्य तू ध्यान देऊन.”

तुझ्या घरचं मानोऱ्याच्या बाजारात भाजीचं दुकान. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, पहिल्या पैशाला कपाळाशी लावायचं, आणि काही माणसांना सकाळी सकाळी दुकानावर उभंच राहू द्यायचं नाही, हे तू आईच्या मांडीवर शिकलेला. पण मी इंजिनिअर. अमरावतीला शिकलेला. मी म्हटलं, “अबे, हे मशीन आहे, वांग्याची टोपली नाही.”

“मंग काहून होते असं?”

“शोधून राह्यलो ना.”

“शोध. तोवर सकायी मी खोलतो.”

तुला खरंच वाटायचं की नुसती टर उडवत होतास, हे मला कधी कळलं नाही. मी मात्र हट्टाला पेटलो. तुझ्या आधी मंडपात जायचो, मशीन रीस्टार्ट करायचो आणि पहिला शोध स्वतः घ्यायचो. आणि नाव कोणतं टाकायचो? डहाळे. दिगंबर डहाळे. पडद्यावर आपलं नाव उमटलेलं पाहायची हौस, दुसरं काय. अख्ख्या यात्रेत डहाळे मी आणि माझा चुलतभाऊ, तोही मी बळजबरी आणलेला. उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. झालं! मी खुशीत मिश्या पुसायचो. मशीन ठणठणीत आहे.

तिथंच माझं शहाणपण अडकलं होतं, प्रल्हाद. मशीन तुंबलं की मी रीस्टार्ट करायचो आणि सुधारलं का पाहायला पुन्हा माझंच नाव टाकायचो. डहाळे लगेच सापडायचे. मी ओरडायचो, “चालू झालं!” पलीकडच्या मंडपातून कोणीतरी राठोड टाकायचं आणि चक्र फिरायला लागायचं. मी म्हणायचो, कार्यकर्त्यांनाच टाइप करता येत नाही.

मग ते वर्ष आलं.

याडीला देवीच्या पायावर डोकं टेकायचं होतं. तू तिला तांड्यावरून घेऊन यायला गेलास म्हणून सकाळचं मशीन मी उघडलं. तू आलास, तिला सावलीत बसवलंस, पाणी आणायला वळलास, आणि परत येतोस तर याडी नाही. चैत्राचं ऊन. साखरेच्या आजाराची बाई. सकाळपासून पोटात देवीचा उपास.

तू धावत मंडपात आलास. माणसं शोधून देणारा माणूस, आणि त्याचीच आई हरवलेली.

“याडी,” एवढंच म्हणालास.

आपण नाव टाकलं. कोणत्यातरी मंडपात ती आली असेल, तिनं लेकाचं नाव सांगितलं असेल, तिथल्या माणसानं ‘प्रल्हाद राठोड’ टाकलं असेल. सगळे मंडप एकच नाव विचारत होते. सगळीकडे चक्र. उत्तर येईना म्हणून लोक पुन्हा पुन्हा बटण दाबत होते, त्यानं मशीन आणखी गुदमरत होतं. मी रीस्टार्ट केलं. काय टाकलं असेल मी? डहाळे. लगेच आलं. मी ओरडलो, “झालं, चालू झालं!” तू राठोड टाकलंस. चक्र.

तेव्हा तू माझ्याकडे जे पाहिलंस ना, त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

मग तू मशीन सोडलंस आणि भोंग्याचा माइक हातात घेतलास. आपल्या सगळ्या डेटाबेसचा बाप तो भोंगा. तू नुसतं बोलत राहिलास. “याडी, मी पल्लाद. याडी, मी अथी आहे, मोठ्या झेंड्याखाली. मी बोलतच राह्यतो, तू आवाजामागं ये.” तुमच्या गोरमाटी बोलीत मधेच काहीतरी बोलायचास, पुन्हा मराठीत. घसा बसला तरी थांबला नाहीस. ऊन कलायला लागलं होतं तेव्हा गर्दीतून याडी आली. चालत. हातात उसाच्या रसाचा रिकामा ग्लास, साखरेचं सगळं पथ्य धुळीला मिळवलेला. आल्या आल्या तुझ्यावर डाफरली.

“कायले बोंबलून राह्यला? मी नाई हरवली. तूच हरवला लहानपनापासून.”

सगळे हसले. तू नाही हसलास. तू याडीला खुर्चीत बसवलंस, तिच्या पायावरची धूळ झटकलीस, आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, “तुझ्या हातानं आज माही माय गेली असती. पुन्हा त्या मशीनले हात नोको लावू.”

मी म्हणालो, “जा, मंग अंगारा लावून चालव.”

बस. एवढंच. एवढ्यावर आपलं बोलणं तुटलं. तू मानोऱ्यात तुझ्या भावाच्या दुकानात मशीन टाकलंस. मी वाशीमला पंख्याखाली एकटा. पुढच्या यात्रेत तू बोलावलं नाहीस आणि मी गेलो नाही. लोक विचारायचे, मी सांगायचो, कामं वाढली म्हणून दोन दुकानं केली.

तुझ्या मूत्रपिंडांचं मला एका बियाणेवाल्याकडून कळलं. तो बिलाचा प्रोग्राम दुरुस्त करून घ्यायला आला होता. सहज म्हणाला, “तुमच्या राठोडभाऊचं काही खरं नाई म्हंते. रक्त बदलून राह्यले त्याचं.” मी त्याचा प्रोग्राम असा दुरुस्त केला की त्याला आठवडाभर सोयाबीनच्या बिलावर तुरीचं नाव छापून येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. यात्रेच्या डेटाची एक प्रत दुकानातल्या मशीनवर अजून होती. मी अधूनमधून ती चाळायचो, आपली हार कुठं झाली ते पाहायला. मशीन सुरू केलं आणि माझं नाव टाकायच्या ऐवजी तुझं टाकलं. का टाकलं, विचारू नकोस. तुझं नाव पाहावंसं वाटलं.

उत्तर आलं. ढीगभर प्रल्हाद राठोड, सगळे एका दमात. मी बघत राहिलो. मग चव्हाण टाकलं. आलं. पवार टाकलं. आलं. जाधव, आडे, पुन्हा राठोड. दिवसभर ते मशीन वासरासारखं उड्या मारत होतं. मी डहाळे टाकलं. तेही आलं, किंचित रेंगाळून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन रीस्टार्ट केलं आणि आधी डहाळे टाकलं. मग राठोड. चक्र.

मी खुर्चीत मागं रेललो. आणि एकटाच हसायला लागलो. समोरचा चहावाला येऊन विचारून गेला, साहेब बरं आहे ना?

तुला तेव्हा सांगितलं तसंच पुन्हा सांगतो, वाचणाऱ्यांनाही कळेल. समजा कामरगावात एका माणसाला लग्नाची पत्रिका द्यायची आहे. आपण काय करतो? चौकात पत्ता विचारतो आणि थेट त्याच्या घरी जातो. पण अर्ध्या गावाला पत्रिका द्यायची असेल तर? तेव्हा प्रत्येकासाठी चौकात परत येऊन पत्ता विचारणारा माणूस मूर्ख. तेव्हा पहिल्या गल्लीपासून सुरू करायचं आणि दार ठोकत जायचं. डेटाबेसला हे दोन्ही रस्ते येतात. रस्ता निवडायला थोडा विचार करावा लागतो, म्हणून आळशी गडी एकदाच विचार करतो: पहिलं नाव जे येईल ते पाहून. मग तोच रस्ता ध्यानात ठेवतो आणि पुढच्या सगळ्यांना त्याच रस्त्यानं नेतो. मी सकाळी डहाळे विचारायचो. यात्रेत डहाळे दोन. मशीन ठरवायचं, चौकात पत्ता विचारून जाऊ. आणि मग दिवसभर हजारो राठोडांसाठी, एकेका राठोडासाठी, बिचारं चौकात परत येत बसायचं. दुपारी नोंदी खूप वाढल्या की ते जुना रस्ता आपण होऊन विसरायचं, आणि त्या क्षणी ज्याचं नाव पुढे येईल त्याची नवी बोहनी. राठोड आला तर सुधारलं. एखादा परगावचा कोणी आला तर बुडालं. त्यालाच मी ऊन, शेळी आणि जनरेटर म्हणत होतो.

म्हणजे बोहनीच होती, प्रल्हाद. आणि हात माझाच होता.

तुझं म्हणणं खोटं पाडायला मी सगळी अक्कल लावली होती, आणि तुझ्या आठवणीनं एक नाव टाकलं तर ते खरं निघालं.

त्याच सकाळी मोटारसायकल काढली. मंगरूळपीर मागं पडेस्तोवर मनात एकच: वेळेवर पोचलो पाहिजे. सांगायचं राहिलं तर मी जन्मभर ते कारण पोटात घेऊन फिरणार, आणि तू मात्र माझा हात जड म्हणूनच जाणार. दवाखाना जवळ पडतो म्हणून तुला वहिनींच्या भावाच्या तांड्यावर नेलंय, एवढंच मला ठाऊक; तांडा कोणता ते नाही. वाटेतल्या पहिल्या तांड्यावर पोचलो आणि विचारलं, प्रल्हाद राठोड कुठं राहतात? एका माणसानं अदबीनं एका घराशी नेलं. आत एक धडधाकट प्रल्हाद राठोड बसला होता. त्यानं चहा पाजला, मला पाणीपुरवठ्याचा साहेब समजून विहिरीचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि मी कोण हे कळल्यावर म्हणाला, “तुमचा प्रल्हाद मी नोयच. पल्याडच्या तांड्यावर पाहा.” तिथंही एक होता. तो शेतात गेला होता. मी प्रत्येक वेळी रस्त्यावर परत येत होतो आणि नव्यानं पत्ता विचारत होतो. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की मी अगदी आपल्या मशीनसारखा वागतोय, आणि चालत्या गाडीवर असा हसलो की बैलगाडीवाल्यानं बैल बाजूला घेतले.

शेवटी सापडलास तेव्हा तू बाजेवर होतास. अर्धा झाला होतास. वहिनी म्हणाल्या, कोणाशीच बोलत नाहीत. मी उंबऱ्यात उभा. तू पाहिलंस आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस.

मी म्हणालो, “प्रल्हाद, कारण सापडलं.”

तू पांघरूण खांद्यावर ओढून घेतलंस.

“बोहनीच होती.”

तू वळलास. हळूहळू, हाताला लावलेली पट्टी सांभाळत. मी वरचं सगळं सांगितलं, कामरगावची पत्रिका, चौक, गल्ली, डहाळे, सगळं. तू डोळे मिटून ऐकलंस. मला वाटलं झोपलास. मग तुझं पोट हलायला लागलं. तू हसत होतास. आवाज नव्हता, नुसतं पोट.

“म्हंजे हात जडच आहे तुझा,” तू म्हणालास.

“हात नाही. आडनाव.”

“आडनावही जड आहे लेका.” मग थोडा दम घेऊन, “आणि तू दर वेळेस आपलंच नाव टाकत होता?”

“हाव.”

“आपलंच?”

“हाव ना बाप्पा.”

“मले वाटे तू राठोड टाकून पाहत असशीन. यात्रा कोनाची, नाव कोनाचं!”

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काय झालं पाहायला. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. याडी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, नुसतं विचारलं, “मंग सापडली का रे मी तुमच्या मशीनात?”

“सापडली, याडी,” मी म्हणालो. “उशिरा सापडली.”

“मी तं तवाच सापडली होती,” ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

त्यानंतर मी दर आठवड्याला यायचो, आणि आपण भांडायचो. तेवढं भांडण आपण दुकानात वर्षानुवर्षं केलं नव्हतं. तुझं म्हणणं, सोपं आहे: रोज सकाळी बोहनी राठोडाची करायची, दुपारी मशीन विसरलं की पुन्हा करायची, एक माणूस त्याच कामावर बसवायचा. माझं म्हणणं, मशीनला हुकूम द्यायचा की प्रत्येक नावाला नव्यानं विचार कर.

“नव्यानं इचार करायले येळ लागते ना?”

“पापणी लवते तेवढा.”

“गर्दीत तेवढ्या पापण्या कुठून आनू? सारे राठोडच येतात.”

“आणि डहाळे?”

“डहाळे थांबतीन थोडे. आहेतच किती!”

“प्रल्हाद, ज्याचं आडनाव यात्रेत एकट्याचंच, तो माणूस खरा हरवलेला. राठोड हरवला तर दुसरा राठोड त्याला जेवू घालेल. डहाळ्याला कोण ओळखतं?”

“इचार करून सांगतो,” म्हणालास. पुढच्या आठवड्यात आलो तर ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी तू अर्ध्या ग्लानीत होतास, माझा हात हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिलास, जसं काही वजन बघतोयस, आणि म्हणालास, “इतका काई जड नाई.” ते आपलं शेवटचं बोलणं.

म्हणून हलकं वाटतं मला. आजार तुला एक दिवस बरं वाटू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पाडायचा, कोणत्याही हिशेबाशिवाय; तो संपला. सुईपासून तू सुटलास. आणि आपलं बोलून झालं होतं. रस्त्यात एक जास्तीचा प्रल्हाद राठोड लागला असता तर चुकामूक झाली असती, पण नाही झाली. लोक रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, पोचलो बुवा, पोचलो. उपरण्याआड नाक पुसताना खरं तर मी देवीचे आभार मानत होतो.

आता परवाची गोष्ट पूर्ण करतो.

याडीनं हातावर फटका मारल्यावर मी विचारलं, “मंग कोणाचं टाकू?”

“माह्या पोराचं.”

मी टाकलं. प्रल्हाद राठोड. सगळे आले, एका दमात, तांड्यातांड्याचे, वरपासून खालपर्यंत. याडी पडद्याकडे वाकून पाहत राहिली.

“याच्यातला आपला कोनता?”

तुझ्या नावावर बोट ठेवलं. मागच्या यात्रेतली नोंद: जीप मानोऱ्याची, सोबत याडी आणि वहिनी, फोन तुझा. तिनं काचेवरून अंगठा फिरवला, कपाळाशी लावला आणि म्हणाली, “चाल, कर सुरू.”

दिवसभर मशीन अडलं नाही. तुझ्या पद्धतीनं चालवलं. म्हटलं, पहिलं वर्ष तुझं. दुपारी ते आपोआप विसरलं तेव्हा याडीच्या खुर्चीपुढे पुन्हा तुझंच नाव टाकलं. कितीजण सापडले ते मोजलं नाही. मोजलं असतं तर तू म्हणाला असतास, हा पुन्हा मिश्या पुसून राह्यला.

उतरत्या उन्हात एक बाई आली. कुठल्या लांबच्या गावची, नवरा हरवलेला, मराठी धड येत नव्हतं. आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं. टाकलं. चक्र फिरलं. फार नाही, पण फिरलं. ती बाई त्या चक्राकडे बघत उभी होती आणि पदराचं टोक दातात धरून चावत होती. मग उत्तर आलं, फोन लागला, नवरा दोन मंडप सोडून जेवत बसला होता. ती धावत गेली.

आणि मी, प्रल्हाद, तुझ्या खुर्चीकडे वळलो. “पाहिलंस? थांबावं लागलं ना तिला?” असं अर्धं बोललोही. खुर्चीत याडी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याले इचारतं का?”

“हाव.”

“मंग थांब जराक. तो इचार करूनच सांगते.”

मी थांबलोय. आयुष्यात पहिल्यांदाच असा, काही रीस्टार्ट न करता.

तुझा,
दिग्या